होडीला भोक पाडण्याआधी

भर समुद्रात होडी अडचणीत आली आणि तांडेलाने संकटसूचक यंत्राचे बटण दाबले, तर ती हाक उपग्रहावरून थेट बंगळुरूला येते. पीण्या औद्योगिक वसाहतीत इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ केंद्र आहे, त्यातच भारतीय मोहीम नियंत्रण केंद्र आहे, आणि तिथून निरोप तटरक्षक दलाकडे जातो. मी राहतो त्या बनशंकरीहून मेट्रोची हिरवी मार्गिका सरळ पीण्याला जाते. वाटेत चिकपेट लागते. तिथे उतरले की एस. पी. रोडचा नट-बोल्ट, वायरी आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार जवळच. पुढे मल्लेश्वरमच्या बाजूला लाकूड विज्ञान संस्था, जिचे समुद्रात लाकूड कसे कुजते यावरचे काम विशाखापट्टणमच्या केंद्रात चालत आले आहे. त्यापुढे यशवंतपूर, आणि तुमकूर रस्त्याला प्लायवूडवर संशोधन करणारी जुनी संस्था. समुद्र सोडला तर होडीला लागणारे बहुतेक सगळे या एका मार्गिकेवर आहे.

एवढे असूनही मूळ प्रश्न उरतोच. ती हाक देणारे यंत्र होडीवर कशाच्या आधारावर उभे असते? बहुधा चार बोल्टांच्या. कधी चार स्क्रूंच्या. कधी नायलॉनच्या दोरीच्या आणि जुन्या ट्यूबच्या रबराच्या. यंत्राची किंमत, अनुदान, बॅटरी, रेंज यांवर बैठका होतात; त्या चार बोल्टांवर कुणी बैठक घेत नाही. छोट्या होडीवर वस्तू क्वचित दगा देते, दगा देते ते तिच्यासाठी पाडलेले भोक. आणि भोक कसे पाडायचे, त्यात काय घालायचे, पाठीमागे काय लावायचे, यावर जगात पुरेसे ज्ञान साचलेले आहे. ते किनाऱ्यावर पोहोचते तेव्हा तुकड्यातुकड्यांनी पोहोचते, म्हणून हा आढावा.

छोटी होडी म्हणजे इथे साधारण सात-आठ मीटरपर्यंतची, लाकडाची किंवा फायबरची, मागे आऊटबोर्ड लावलेली किंवा आत छोटे डिझेल मशीन असलेली. वेंगुर्ले-मालवणापासून देवगड, हर्णै, मुरूड, पार पालघरपर्यंत अशा होड्या दिसतात. ट्रॉलरवर केबिन असते, छप्पर असते, जाड तुळया असतात. एखादी वस्तू कुठे बसवावी हा प्रश्न तिथे फारसा पडत नाही. छोट्या होडीची कातडी पातळ, सगळे काही ओले, आणि माणसाला धरायला जागा कमी. त्यामुळे तिथे कुठलीही उभी वस्तू हाताने धरायचा कठडा होते. अँटेनाचा पाइप अँटेनासाठी आहे असे फक्त लावणाऱ्याला वाटते. लाट आली की खलाशी त्यालाच मिठी मारतो. पुढचा हिशेब करताना हे विसरून चालणार नाही.

आधी थोडा इतिहास. होडीला लोखंड न लावण्याची परंपरा आपल्या किनाऱ्याला जुनी आहे. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या आणि सांधे राळ-तेलाने बुजवायचे, ही रीत अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवर होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यातल्या ‘होडी इनोव्हेशन्स’ने केरळच्या कारागिरांच्या हातून असे शिवलेले जहाज बांधले, 21 मे 2025 रोजी कारवारला ते ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. शिवलेल्या जहाजात भोके कमी नसतात, उलट हजारो असतात. पण प्रत्येक भोकातली दोरी थोडी ताणते, थोडी सैल होते, भार शेजारच्या टाक्याला देते, आणि गंजण्यासारखे तिच्यात काही नाही. आज कुणी अँटेना काथ्याने शिवणार नाही, हे खरे. तरी एकाच बोल्टावर सगळा भार येऊ न देणे हा धडा त्यात आहेच.

खिळे आले आणि त्यांच्याबरोबर गंजही आला. या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग इंग्रजांच्या नौदलाने नकळत केला. 1761 साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे मारले. दोनेक वर्षांनी तपासले तेव्हा किडा लागला नव्हता, पण तांबे ज्या लोखंडी खिळ्यांनी मारले होते ते कितीतरी ठिकाणी विरघळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा जिथे खिळ्याच्या माथ्याखाली चुकून राहिला होता, तिथले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील मरतो. मधे कागदाएवढा आडोसा असला तरी तो वाचतो. हे शास्त्र पुढे हम्फ्री डेव्हीने 1824च्या सुमारास मांडले आणि तांब्याला वाचवण्यासाठी जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा मुद्दाम बळी द्यायची युक्ती काढली. आऊटबोर्डच्या पायाशी आज जो राखाडी तुकडा लावलेला असतो, तो त्याच युक्तीचा. त्याला रंग फासू नये. फासलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि फासणाऱ्याने तो सौंदर्यासाठी फासलेला असतो.

‘अलार्म’च्या गोष्टीत अजून एक मुद्दा दडलेला आहे, तो बाजारात कुणी सांगत नाही. खिळे लहान होते, तांबे अफाट पसरलेले. मरणारा धातू लहान आणि मारणारा मोठा असला की नाश भराभर होतो. उलट असेल तर हळू. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पट्टीला स्टेनलेसचा बोल्ट लावला तर बोल्टभोवती थोडी पांढरी भुकटी धरते, मधे नायलॉनचा वायसर आणि जरा ग्रीस असेल तर वर्षानुवर्षे चालते. पण स्टेनलेसची पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या रिवेटने मारली, तर ती रिवेट फार दिवस काढत नाही.

आता स्टेनलेसकडे वळू, कारण किनाऱ्यावरच्या अर्ध्या चुका या एका धातूवरच्या श्रद्धेतून होतात. ‘एसएस आहे, गंजत नाही’ हे वाक्य मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर आणि रत्नागिरीच्या दुकानात एकाच सुरात ऐकू येते. स्टेनलेसमधले क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अदृश्य थर धरते आणि तो थर पोलादाला राखतो. ओरखडा पडला तर थर पुन्हा धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडाच्या पोटात, माथ्याखालच्या फटीत, साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो नसतो. तिथे थर फाटला की फाटतोच. त्यामुळे स्टेनलेसचा बोल्ट बाहेरून चकचकीत दिसतो, नटही चकचकीत दिसतो, आणि मधली कंबर झिजून अर्धी झालेली असते. एके दिवशी माथा हातात येतो.

शिवाय सगळे स्टेनलेस सारखे नसते. आपल्याकडे भांड्यांपासून रेलिंगपर्यंत सर्रास चालते ते 202, ज्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. त्याच्या वर 304, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. समुद्रासाठी हवे ते 316, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाला तेच तोंड देते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतो. पण ही तिन्ही जवळपास चिकटत नाहीत, तेव्हा ती परीक्षा 202 पकडत नाही. त्यापेक्षा बोल्टचा माथा वाचावा: चांगल्या बनावटीच्या बोल्टावर ए2 कोरलेले असते ते 304च्या घराण्यातले, ए4 असते ते 316च्या. काहीच कोरलेले नसेल, तर त्याच्यावर माणसाचा जीव टांगू नये.

पितळ दिसायला देखणे, पण पाण्याखाली त्यातले जस्त निघून जाते आणि गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. स्क्रूड्रायव्हर लावला की माथा बिस्किटासारखा तुटतो. सिलिकॉन ब्राँझ उत्तम, पण ते मिळवणे आणि परवडणे दोन्ही अवघड. राहता राहिले गॅल्वनाइज्ड. बाजारात दोन प्रकार असतात: विजेने मुलामा दिलेले चकचकीत, ज्यावरचा जस्ताचा थर नावापुरता असतो, आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, राखाडी, खडबडीत, नट जरा सैल बसणारे. दुसरा प्रकार गावठी दिसतो म्हणून मागे पडला आहे. माझे मत विचाराल तर लाकडी होडीत, पाण्याच्या रेषेच्या वर, जाड राखाडी बोल्ट हा स्वस्त स्टेनलेसपेक्षा प्रामाणिक. तो गंजू लागला की लाकडावर तांबूस ओघळ दाखवतो, इशारा देतो. स्वस्त स्टेनलेस इशारा न देताच जातो.

लाकूड कोणते, यावरही खिळ्याचे आयुष्य ठरते. सागातले तेल लोखंडाला जपते. विलायती ओकमधले आम्ल त्याला खाते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये आजही तरंगते आहे. आपल्या छोट्या होड्यांना साग परवडेनासा होऊन काळ लोटला. आंबा, फणस, आईन, मग प्लायवूड आणि आता फायबर, असा प्रवास झाला. प्लायवूडचे एवढेच सांगतो: मरीन प्लायसाठी भारतीय मानक आहे आयएस 710. घरगुती फर्निचरचे 303 त्याच्या जागी चालत नाही. आणि 710 असले तरी कापलेली कड आणि पाडलेले भोक इपॉक्सीने बंद केल्याशिवाय ते पाणी पितेच.

फायबरशी मात्र नीट थांबून बोलले पाहिजे, कारण नव्या छोट्या होड्या बहुतेक त्याच्याच असतात आणि लाकडावर वाढलेल्या हाताला त्याची सवय नसते. लाकडात स्क्रू धरतो; तंतू त्याच्या आट्यांना कवटाळतात. काचतंतू आणि पॉलिस्टर राळेची पाच-सहा मिलिमीटरची भिंत स्क्रूला जेमतेम चार आटे देते. पहिल्या महिन्यात तो घट्ट असतो. मशीनची थरथर, लाटेचा दणका, उन्हाने फुगणे आणि रात्री आकसणे, यांत त्या आट्यांभोवतीची राळ पिठासारखी होते. मग स्क्रू फिरत राहतो. मग कुणीतरी एक नंबर मोठा स्क्रू घालतो, मग एम-सील भरतो. 2004च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत मदतीच्या पैशातून घाईने हजारो फायबर होड्या बांधल्या गेल्या, त्यांतल्या अनेकांचा दर्जा सुमार होता, आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फायबर होडी बांधणीच्या चित्रमय पुस्तिका काढल्या. त्याही आधी चेन्नईतून चालणाऱ्या ‘बे ऑफ बेंगॉल प्रोग्राम’साठी नॉर्वेचे नौका अभियंते ओविंद गुलब्रान्सन यांनी छोट्या नौकांच्या सुरक्षेवरची मार्गदर्शिका केली होती, 1993 साली. तिच्यात चित्रे जास्त आणि मजकूर कमी आहे, आणि ते अगदी योग्य आहे. मराठीत असे पुस्तक प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवावे.

फायबरचा नियम थोडक्यात असा: भार येणारी वस्तू स्क्रूने लावायची नाही. आरपार बोल्ट, आणि पाठीमागे पाटा. पाट्याशिवाय नट एका नाण्याएवढ्या जागेवर ओढतो आणि भिंत फोडून बाहेर येतो; पाटा तोच भार तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. पाटा कशाचाही चालतो: जाड फायबरचा तुकडा, इपॉक्सी पाजलेले प्लाय, नायलॉनचा वायसर घालून अ‍ॅल्युमिनियम. फक्त तो होडीच्या आतल्या वळणाला चोपून बसला पाहिजे, नाहीतर चार कोपऱ्यांपैकी दोनच टेकतात. मधे फोम किंवा लाकूड भरलेल्या भिंतीत बोल्ट आवळला तर ती चेपते आणि आवळणे कधी संपतच नाही. तिथे भोक मोठे पाडायचे, आतला गाभा कडेकडेने खरवडायचा, पोकळी इपॉक्सीने भरायची, आणि ती कडक झाली की तिच्यातून बोल्टाच्या मापाचे भोक पाडायचे. दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांसाठी कारागीर तयार नसतो आणि मालक तर त्याहून नसतो.

भोक पाडण्याची काही रीतही आहे. चिकटपट्टी लावावी, वरचा रंगीत थर सुरुवातीला ड्रिल उलटे फिरवून कापावा, म्हणजे त्याचे टवके उडत नाहीत. भोकाची वरची कड किंचित तिरपी घासावी. त्या खळग्यात सीलंट साठते आणि बोल्टाभोवती रबरी कडे तयार होते. सपाट कडेवर लावलेले सीलंट आवळताना सगळे बाहेर येते आणि आत काहीच उरत नाही. आवळायचे ते नट फिरवून, बोल्ट धरून ठेवून, म्हणजे ते कडे पिळवटत नाही. सीलंटबद्दल भांडणे खूप आहेत. बाथरूमचे, व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन होडीवर नकोच: त्यातून निघणारे आम्ल धातूला लागते, आणि एकदा ते लागलेल्या जागी पुढे दुसरे काही चिकटत नाही. पॉलियुरेथेन इतके चिकटते की वस्तू काढताना होडीची कातडी निघते. जी वस्तू कधीच काढायची नाही तिथे ते ठीक. लाकडाच्या हालचालीला पॉलिसल्फाइड बरे. यांपैकी कुठलेही बोल्टाचे काम करत नाही, ते फक्त पाणी अडवते. हा फरक पुसट झाला की माणसे बोल्ट कमी आणि डिंक जास्त लावू लागतात.

भाराचा हिशेब साध्या त्रैराशिकाने होतो. समजा दोन किलोचे यंत्र एक मीटर उंच पाइपावर आहे, पाइपाच्या पायथ्याची पट्टी चार बोल्टांनी बसवली आहे आणि बोल्टांच्या दोन रांगांत आठ सेंटिमीटर अंतर आहे. होडी कलली, आदळली आणि यंत्राला आपल्या वजनाच्या तिप्पट आडवा हिसका बसला, तर टोकाला सहा किलोचा जोर. तो जोर शंभर सेंटिमीटरवर आहे आणि बोल्टांना त्याला आठ सेंटिमीटरच्या बळावर धरायचे आहे. म्हणजे एका रांगेवर 75 किलोची ओढ. दोन बोल्ट ती सहज सहन करतील. आता खलाशी तोल जाऊन त्याच टोकाला तीस किलोने लटकला. ओढ झाली 375 किलो. बोल्ट तुटणार नाही, भिंत फाटेल. आणि हे एकदा. लहान हिसका दर लाटेला बसतो.

उपाय बोल्ट जाड करण्यात नाही, पट्टी रुंद करण्यात आहे. आठऐवजी सोळा सेंटिमीटर केले की ओढ निम्मी होते. पाइप अर्ध्यावर दुसरीकडे, म्हणजे होडीच्या काठाला किंवा आडव्या फळीला, यू-बोल्टाने बांधला तर पायथ्याचा भार फारच उतरतो. हे सगळ्यांना पटते आणि तरीही बहुतेक पाइप एकाच पायावर उभे असतात, कारण दुसरा आधार जाळ्याच्या वाटेत येतो. जाळे ओढायची बाजू, टाकायची बाजू, मासळी पडायची जागा, पाय ठेवायची जागा एकदा खडूने आखून मग उरलेल्या जागेत वस्तू बसवायच्या, हा क्रम कुठल्याही बोल्टाच्या नंबरापेक्षा महत्त्वाचा आहे. दुकानातून आलेला तंत्रज्ञ जागा वायरीच्या लांबीवरून ठरवतो. तांडेलाने ती जाळ्यावरून ठरवायची असते.

मशीनबद्दल थोडक्यात. चार-स्ट्रोकचे 9.9 अश्वशक्तीचे आऊटबोर्ड साधारण चाळीस किलोचे. त्याचे हाताने आवळायचे दोन स्क्रू पुरे आहेत असे समजणे महागात पडते. आरपार बोल्ट हवेत, आणि वर सुटलेच तर समुद्रात जाऊ नये म्हणून साखळी. पण खरा धोका मागच्या पाटात असतो. फायबरच्या दोन थरांत प्लाय भरलेला तो पाट बोल्टाच्या भोकातून पाणी पितो आणि आतून कुजतो. वरून काही कळत नाही. लहान हातोडीने टकटक करत जावे, कुजलेली जागा भद्द वाजते. आतल्या डिझेल मशीनचा शाफ्ट आणि कपलिंग शेवटचे जुळवायचे ते होडी पाण्यात उतरवल्यावर, कारण किनाऱ्यावर ठोकळ्यांवर बसलेली होडी आणि तरंगणारी होडी यांचा आकार एक नसतो. ते किनाऱ्यावरच जुळवून मोकळे झालेले मशीन फाउंडेशनचे बोल्ट सैल करत राहते आणि दोष बोल्टांना लागतो.

भोकच न पाडण्याचे मार्गही आहेत, आणि मी त्यांचा पक्षपाती आहे. मासे दाखवणाऱ्या यंत्राचा तळातला सेन्सर भरीव फायबरच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवता येतो. हवेचा बुडबुडा राहू दिला नाही तर ध्वनी फायबरमधून आरपार जातो. लाकडातून आणि फोममधून तो नीट जात नाही, तिथे ही युक्ती फसते. काठाला आवळायचे क्लॅम्प, आडव्या फळीला कवटाळणारे यू-बोल्ट, एकदाच नीट बोल्ट केलेली आणि मग हवे ते सरकवून लावता येणारी पट्टी, हे सगळे जुन्या होडीवर नव्या भोकांपेक्षा बरे. यंत्रे चार-पाच वर्षांत बदलतात. होडी वीस वर्षे चालते. दर नव्या यंत्रामागे चार नवी भोके आणि चार जुनी बुजवलेली, असा हिशेब लावला तर शेवटी होडी कशाची उरते?

विजेचे काम हा वेगळा लेख होईल. बॅटरी उलटी केली तरी जागची हलणार नाही अशी बांधलेली असावी, फ्यूज तिच्यापासून वीतभर अंतराच्या आत असावा, वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची असावी, आणि यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथून ठिबकते, यंत्रात जात नाही.

‘सुरक्षित बसवणे’ म्हणजे घट्ट बसवणे असे आपण धरून चाललो आहोत, पण काही वस्तूंच्या बाबतीत हे उलट आहे. होडी उलटली तर संकटसूचक यंत्र माणसाबरोबर यायला हवे. चार बोल्टांनी खिळलेले यंत्र होडीबरोबर जाते. मोठ्या जहाजांवर यासाठी पाण्याच्या दाबाने आपोआप सुटणारा खटका असतो, तो दीड ते चार मीटर खोलीवर सुटतो. छोट्या होडीला तो परवडत नाही. तिथे यंत्र हाताने झटक्यात निघेल असा कोनाडा आणि यंत्राला बांधलेला तरंगता दोर एवढे तरी हवे. अडचण अशी, की झटक्यात निघते ते रात्री किनाऱ्यावर कुणीही काढून नेतो. चोरीच्या भीतीने लावलेले कुलूप बुडताना उघडत नाही. या दोन भीतींमध्ये प्रत्येक मालक आपापली तडजोड करतो, आणि बहुतेकदा चोरीची भीती जिंकते, कारण ती दर रात्री असते.

संकटाची हाक देणाऱ्या यंत्रांतली सगळ्यात ताजी पायरी ट्रान्सपाँडरची. 2008च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ ही पळवलेली मासेमारी नौका वापरून आले, तेव्हापासून समुद्रात कोण कुठे आहे हे कळण्याची गरज सरकारला तीव्रतेने वाटू लागली. वीस मीटरवरच्या नौकांना ओळख सांगणारी यंत्रे सक्तीची झाली. त्याखालचा मोठा ताफा तसाच राहिला. 2017च्या ओखी वादळात दक्षिणेतले अनेक मच्छीमार इशारा न पोहोचल्याने गेले आणि 2019 साली बंगळुरूच्या एका कंपनीने बनवलेले ‘जेमिनी’ यंत्र आले, ज्यावर इशारे येत, पण उलट बोलता येत नसे. डिसेंबर 2018मध्ये मलपेहून निघालेली ‘सुवर्ण त्रिभुज’ नौका सात जणांसह बेपत्ता झाली. तिचे अवशेष नौदलाला मे 2019मध्ये मालवणच्या समुद्रात सापडले. मधले साडेचार महिने कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही किनारे तिचा शोध घेत होते. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांनी ज्या योजनेची देशव्यापी सुरुवात केली, तिच्यात तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख ट्रान्सपाँडर, सुमारे 364 कोटी रुपये, मच्छीमाराला विनामूल्य. तंत्र इस्रोचे, दोन्ही बाजूंनी संदेश चालणारे, फोनवरच्या ‘नभमित्र’ अ‍ॅपशी ब्लूटूथने जोडलेले. हाक पोहोचते ती जीसॅट-6 या उपग्रहावरून, ज्याची उलगडणारी अँटेना सहा मीटर व्यासाची आहे.

हा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर स्थिर असतो. कोकणातून पाहिले तर तो क्षितिजापासून साधारण 67 अंश वर, आग्नेयेकडे. म्हणजे यंत्राला मोकळे आकाश हवे, आणि छोट्या होडीवर मोकळे आकाश असलेली, पायाखाली न येणारी, जाळ्यात न अडकणारी जागा म्हणजे पुन्हा तोच पाइप, तीच पट्टी, तेच चार बोल्ट. उपग्रहावरची सहा मीटरची अँटेना अवकाशात उलगडताना अडू नये म्हणून वर्षे खर्च झाली; तिच्याशी बोलणाऱ्या पेटीचा पाया फळकुटावर स्क्रूने मारला गेला तर तो खर्च त्या फळकुटापाशी येऊन थांबतो. योजनेची मोजदाद ‘बसवलेली यंत्रे’ अशी होते. ‘तीन पावसाळ्यांनंतर जागेवर असलेली यंत्रे’ अशी झाली, तर पेटीबरोबर रुंद पट्टी, मागचा पाटा, ए4 लिहिलेले बोल्ट आणि भोकांचा कागदी साचा आपोआप द्यावासा वाटेल. त्याचा खर्च यंत्राच्या तुलनेत किरकोळ आहे. भोक कुणी पाडायचे, हेही लिहून ठेवावे. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने होडीला भोक पाडले आणि तिथून ती कुजली, तर तो तक्रारीचा विषय होतो. गावच्या सुताराने पाडले तर तो रोज ती बघत असतो. मी सुताराला पैसे द्यावेत या मताचा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते, आणि छोट्या होड्याही त्या दिवसांत बहुधा झापाखाली शाकारून ठेवलेल्या असतात. तपासणीला हाच काळ. वरून हात फिरवून, माथा चमकतो म्हणून पुढे जाऊ नये. प्रत्येक पट्टीतला एक बोल्ट, शक्यतो खालच्या रांगेतला, पूर्ण काढून बघावा. कंबर झिजलेली दिसली तर चारही बदलावेत, भोकात काडी घालून लाकूड मऊ लागते का पाहावे, ओले असेल तर आठवडाभर उघडे ठेवून वाळू द्यावे, आणि वाळल्यावरच इपॉक्सी भरावी. पावसात ते वाळायला वेळ लागतो, म्हणून हे काम जूनच्या आधी, होडी ओढल्या दिवशी सुरू करावे.